एकशे अठ्ठावीस जागांची रांग

माझ्या नाकावर राग असतो, हे ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं. पहिल्या दिवशी मी जरा बरी वागते. ती आली तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. मी तिला अर्ध्या पानाचं काम दिलं होतं आणि तिनं त्यावर तीन पानं प्रश्न लिहून आणले. तेही वहीत. दोनशे पानी वही, वर खाकी कव्हर घातलेलं, कव्हरला लेबल. सगळे लॅपटॉपवर टकटक करतात आणि ही बाई समास सोडून लिहितेय. म्हटलं, घ्या, आता हिला कुठून सुरुवात करून द्यायची!

ती तेव्हा चौतीस वर्षांची होती. आमच्याकडे त्या वयाची माणसं टीम सांभाळतात, आणि ही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. माहेर देवळ्याचं, सासर सटाण्याचं. तिथल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होती, अगदी कायम, पेन्शनवाली. ती नोकरी सोडून, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन ती नाशकात पाथर्डी फाट्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. कारण काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते तिला शिकायचं होतं. सासरे अजून फोन करून विचारायचे, ती जागा भरली का गं. जागा कधीच भरली होती. म्हणजे सहा महिन्यांनी आम्ही कायम केलं तर ठीक, नाहीतर इथलीही गेली आणि तिथलीही गेली. आणि तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं.

आमचं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आईला मी वीस वर्षं समजावतेय, ती अजून शेजारणीला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करते’ एवढंच सांगते. तर आम्ही खोटे कॉम्प्युटर बनवतो. एका मोठ्या खऱ्या यंत्रावर आमचा प्रोग्रॅम चालतो आणि आत दहा-वीस कॉम्प्युटर असल्याची बतावणी करतो. आतल्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतःची डिस्क आहे आणि ती सांभाळणारा कंट्रोलर आहे. कशाचं काय! तो कंट्रोलर म्हणजे नुसत्या लिहिलेल्या ओळी. आतला कॉम्प्युटर आपली कामं त्याच्यासमोर रांगेत लावतो, हे वाचून दे, ते लिहून ठेव, आणि आमचा कंट्रोलर एकेक उचलतो. त्या रांगेत जागा एकशे अठ्ठावीस. का? मूळ प्रोग्रॅम जगभरातली माणसं मिळून लिहितात, त्यातल्या कुणीतरी कधीतरी तो आकडा थेट आत लिहून टाकला. पुढे कुणी हात लावला नाही.

त्या आकड्याचा त्रास झाला एका रक्तपेढीला. त्यांच्या नोंदी आमच्या अशाच एका खोट्या कॉम्प्युटरवर असायच्या. दुपारी त्या नोंदींची प्रत काढायला घेतली की खिडकीवरच्या कॉम्प्युटरचा पडदा अडकायचा. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत हे पाहायला खिडकीवरची बाई थांबलेली आणि तिच्यासमोर चिठ्ठी घेऊन माणसं थांबलेली. मी शोधलं तर कारण सोपं होतं. मोठं काम रांगेत एकाच जागी मावत नाही, त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक जागा लागते आणि वर दोन जागा विचारण्या-सांगण्याला. म्हणजे एका वेळी एकशे सव्वीसच तुकडे. त्याहून मोठं काम आलं की ते फोडा, पुन्हा रांगेत लावा, पुन्हा थांबा.

मी दोन ओळी बदलल्या. एकशे अठ्ठावीसच्या जागी दोनशे छप्पन्न लिहिलं आणि तुकड्यांचा आकडाही त्या हिशेबानं वाढवला. अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडच्या यंत्रावर चालवून पाहिलं तर प्रत भराभर निघाली. मी जाम खूश. आमच्याकडे असा बदल मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे पाठवताना शेवटी आपल्या नावाची ओळ घालायची असते, हे माझं आहे आणि याची जबाबदारी माझी, अशी. ती ओळही मी घालून टाकली. तिला म्हटलं, एकदा चालवून बघ, शुक्रवारी सकाळी पाठवून देऊ आणि रविवारी रक्तपेढीत बसवू.

सोमवारी सांगितलं होतं. मंगळवारी ती वही घेऊन हजर. तिचं म्हणणं, एकशे अठ्ठावीसला हात लावायलाच नको. तो तसाच राहू द्यायचा आणि ज्याला मोठी रांग हवी त्यानं कॉम्प्युटर तयार करताना तसं सांगायचं, अशी सोय करायची. मी म्हटलं, कोण सांगणार आहे? रक्तपेढीतल्या बाईला रांग म्हणजे खिडकीसमोरची माहीत. आपल्याला चांगलं काय ते कळलंय ना, मग सरळ देऊन टाकू. ती म्हणाली, तरी मला थोडा वेळ द्या. मी म्हटलं, घे बाई, पण शुक्रवारच्या पुढे नाही. आणि हे मी काही गोड आवाजात म्हटलं नाही.

बुधवारी आमच्या वरच्या सरांनी तिच्या प्रोबेशनचा फॉर्म मागितला. मी तेव्हा तापलेलीच होते. दोन ओळींच्या कामाला तिसरा दिवस, आणि ती आपली दोन यंत्रं शेजारी शेजारी मांडून काहीतरी करतेय, वहीत लिहितेय, परत करतेय. मी फॉर्ममध्ये लिहिलं, ‘हुशार आहे, मेहनती आहे, पण हळू. कायम करण्याची शिफारस नाही.’ लिहिताना हात जरा थांबला होता, हे खरं. पण पाठवला. एका बाईचं सगळं घर त्या एका ओळीवर होतं, आणि मी ती चहा गार व्हायच्या आत लिहून मोकळी झाले.

शुक्रवारी सकाळी मी आल्या आल्या बदल पाठवायला घेतला. पत्ता लिहिला, दोन ओळींचं पत्र लिहिलं. तेवढ्यात ती माझ्या टेबलाशी आली. एरवी दोन हात लांब उभी राहून ‘मॅडम, वेळ आहे का’ विचारणारी बाई, आज थेट खुर्चीजवळ.

“मॅडम, पाठवू नका,” ती म्हणाली. “तुमचं जाताना चालतंय. परत येताना चालत नाही.”

मी विचारलं, कुठून परत येताना? तेव्हा तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं माझ्या लक्षात आहे, कारण सांगताना ती कांद्याच्या बाजारापासून सुरू झाली. त्यांच्याकडच्या एका बाजाराचं आवार वाढवलं होतं. दुप्पट ट्रॅक्टर रांगेत मावायला लागले, सगळे खूश. मग एकदा काही कारणानं लिलाव शेजारच्या उपबाजारात हलवला. तिथलं आवार जुनंच. निम्मे ट्रॅक्टर आत, निम्मे बाहेर रस्त्यावर, आणि बाहेरच्यांना वाटतंय आपण रांगेतच आहोत. तिचे वडील बाहेरच्यांत होते. दुपारपर्यंत कुणी त्यांच्या ट्रॉलीजवळ फिरकलं नाही.

मी म्हटलं, बरं, मग? ती म्हणाली, रक्तपेढीत खरी यंत्रं दोन आहेत. त्यांचा कॉम्प्युटर कधीच बंद करत नाहीत, चालू असतानाच या यंत्रावरून त्या यंत्रावर हलवतात. रविवारी आपण एकाच यंत्रावर नवा प्रोग्रॅम घालणार, दुसऱ्यावर आठवडाभर जुनाच राहणार. नव्यावर असताना तो कॉम्प्युटर एकदा जरी नव्यानं सुरू झाला तरी त्याला दोनशे छप्पन्नची रांग सांगितली जाणार. मग त्याला जुन्यावर परत आणलं, की तो एकशे एकोणतिसाव्या जागी काम ठेवणार, आणि जुन्या कंट्रोलरला ती जागाच माहीत नाही.

तिनं तिथल्या तिथे करून दाखवलं. खोटा कॉम्प्युटर नव्या यंत्रावर नेला, छान चालला. तिकडे बंद करून सुरू केला, छान चालला. परत आणला. प्रत काढायला लावली. पडद्यावरचा आकडा एका जागी थांबला आणि थांबलाच. चूक झाल्याचा निरोप नाही, काही नाही. कॉम्प्युटर वाट बघत बसला होता आणि त्याच्याकडे कुणीही येणार नव्हतं. जाण्याची चाचणी आमच्या धंद्यात सगळे करतात. येण्याची मी वीस वर्षांत एकदाही केली नव्हती.

मग तिनं स्वतःचं काम उघडलं. मंगळवारपासून ती तेच लिहीत होती. ते मी ओळ न ओळ वाचलं. कुणी काही सांगितलं नाही तर रांग एकशे अठ्ठावीसचीच, जुन्या कॉम्प्युटरांना धक्का नाही. सांगितलं तर सांगितलेली. सांगितलेला आकडा चुकीचा असेल तर सुरुवातीलाच स्वच्छ शब्दांत नकार, मध्येच अडकून बसणं नाही. आणि रांग मोठी करून तो कॉम्प्युटर परत आणला, तर जुनं यंत्र त्याला दारातच अडवेल, आत घेऊन उपाशी बसवणार नाही, याचीही तजवीज. पण सगळ्यात मला काय आवडलं, तर ते एकशे सव्वीस. तो आकडा वेगळ्या जागी हातानं लिहिलेला होता. मी दोनशे चोपन्न करताना हातानंच केला होता. तिनं तो पुसूनच टाकला आणि लिहिलं, रांग जेवढी असेल त्यातून दोन वजा. म्हणजे उद्या कुणी रांग बदलली आणि हे विसरला, असं होणंच शक्य नाही. ती ओळ मी दोनदा वाचली. इतकी साधी होती की मला माझाच राग आला.

माझी दोन ओळींची करामत मी पुसली आणि तिचं काम पाठवलं. शेवटी नाव तिचं. खाली मी एवढंच लिहिलं की मी वाचलंय.

दुपारी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, तो बुधवारचा फॉर्म मला परत हवाय, तिच्याकडे जायच्या आत. सर म्हणाले, “मॅडम, आता शेरा आधी त्या माणसाकडे सहीला जातो, मग माझ्याकडे येतो. मेल पाठवली होती की. तिची सही काल सकाळीच आलीय.”

त्यांनी फॉर्म उघडून माझ्याकडे वळवला. माझ्या ओळीखाली कर्मचाऱ्यानं म्हणणं मांडायची चौकट असते. बहुतेक जण तिथं भांडतात, मीही एकेकाळी भांडले आहे. तिनं लिहिलं होतं, ‘मान्य आहे. फक्त कंट्रोलरचं काम पूर्ण करू द्यावं.’

मला तिथं बसवेना. ती खाली चहाच्या टपरीपाशी होती, आईशी फोनवर अहिराणीत बोलत होती. सगळं बरं शे, बरं शे, असं दोनदा म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर मी सरळ विचारलं, फॉर्म वाचला होतास ना? हो म्हणाली. मग सकाळी मला थांबवलंस का? जाऊ द्यायचं होतंस. रविवारी मी तोंडावर पडले असते, नाव माझं होतं, आणि तुझं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं.

ती विचार करत राहिली. तिचं हे विचार करणं मला एरवी सहन होत नसे. त्या दिवशी मी थांबले.

“तिथं चिठ्ठी घेऊन माणसं उभी असतात, मॅडम,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आणि हळू तर मी आहेच. तुम्ही खोटं कुठं लिहिलं होतं?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्यासमोर, भर दुपारी. मी तिला सॉरी म्हटलं, आणि ते मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघी रक्तपेढीत गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरला तिच्या पद्धतीनं जुनीच रांग ठेवली आणि नव्या यंत्रावर नेला, सुरू करून पाहिला, परत आणला, पुन्हा नेला. मोठी रांग आठवड्यानं द्यायची ठरली, दोन्ही यंत्रं नवी झाल्यावरच. तोवर दुपारचा पडदा अडकणार होता, आणि तसं खिडकीवरच्या बाईला तिनं आधीच नीट समजावून सांगितलं. बाई म्हणाली, चालेल, आठवडाच ना. आम्ही त्यांचा कॉम्प्युटर तीन वेळा इकडून तिकडे केला तरी त्या बाईनं एकदाही मान वर केली नाही. ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या तेवढ्यात देऊनही झाल्या.

सोमवारी मी फॉर्म नव्यानं भरला. सर म्हणाले, ‘हळू’ हा शब्द काढा, वर वाचणाऱ्यांना बरा दिसणार नाही. मी काढला नाही. मी लिहिलं, ‘हळू आहे. मी घाईनं जे पाठवणार होते ते हिच्यामुळे थांबलं. हिला कायम करावं आणि यापुढे माझं काम पाठवण्याआधी हिला दाखवावं.’ फॉर्म तिच्याकडे सहीला गेला. संध्याकाळ झाली तरी सही आली नाही आणि मी दर दहा मिनिटांनी बघतेय, आली का, आली का.

मंगळवारी सकाळी आली. खालच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं, ‘मान्य आहे. कंट्रोलरचं काम पूर्ण झालं.’