सौंसरचे समुद्रपक्षी

संत्र्याच्या ढिगातलं एक उचललं की चार घरंगळतात. आमच्या सौंसरच्या स्टाफरूमचे किस्से तसेच! त्यातले निम्मे तर एकट्या गजभिये सरांचे.

सर सायन्सचे, अन् वेड समुद्रपक्ष्यांचं! ऐंशीच्या दशकातलं आमचं सौंसर, चहूकडे नुसता कापूस. मी एकदा विचारलं, "सर, समुद्र तरी पाहिला का?"

"बाई, कन्हानचा पूर पाहिला ना! दुसरा काठ कोणाले दिसला?"

*

थंडीत सरांची आलूबोंड्यांची तिसरी प्लेट चाललेली. शिपाई रामजी म्हणाला, "सर, पोट हाय का पोतं?"

"अरे, थंडीत अंग गरम ठेवाले पाखराले जास्त खा लागते!"

एप्रिलात पुन्हा तिसरी प्लेट. "आता तं गरमी हाय, सर!"

"आता लंब्या प्रवासाची तयारी हाय!"

*

वारा मिळाला की समुद्रपक्षी पंख न हलवता तरंगतो, ताकद वाचते. हे आम्हाला पटवायला सरांनी मोहगावच्या उतारावर पायडल मारणं सोडलं. ब्रेकही सोडले! समोर कापसानं भरलेली बैलबंडी. सर थेट कापसात!

गाडीवान घाबरला. "लागलं काय, मास्तर?"

"नाही. पण लँडिंग पाहिलं काय?"

*

तरी सरांच्या जिवाला एक घोर होता. नोकरी हंगामी होती, अन् रामाकोना गावच्या होणाऱ्या सासऱ्यांनी साफ सांगितलं होतं, "आधी पक्की ऑर्डर, मग लग्न." ऑर्डर इन्स्पेक्टरच्या शेऱ्यावर. साहेब आले ते इंदूरचे, मराठी एकदम शुद्ध! आमच्याकडे 'करतो आहे'ला 'करून राहिला' म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फळ्यावरचं पक्ष्याचं चित्र पाहून त्यांनी सातवीतल्या शोभाला विचारलं, "हिवाळ्यात समुद्रपक्षी काय करतो?"

"गरम समुद्राकडे उडून राहिला, सर."

"उडाला की राहिला?"

"उडून राहिला!"

"अगं, उडाला तर राहिला कसा?"

सगळा वर्ग ओरडला, "उडूनच राहिला ना, सर!"

गजभिये सर घामाघूम. "साहेब, पोरं बरोबर सांगून राहिले..."

"तुम्हीसुद्धा?" साहेबांनी कपाळाला हात लावला. मग शोभाकडे वळले. "बरं, का उडतो?"

"थंडीत अंग गरम ठेवाले लय ताकद जाते. तिकडं गरम हवेत कमी जाते. वाचलेली ताकद मंग उडाले, मासे पकडाले कामी येते."

साहेब तिच्याकडे पाहतच राहिले. मग शेरा लिहिला अन् बाहेर पडले. आमचे हेडमास्तर हात जोडून मागे धावले, "साहेब, आमचे गजभिये सर जाऊन राहिले का?"

साहेब जीपमध्ये बसले, चष्मा पुसला अन् म्हणाले, "छे हो! राहून राहिले!"