गणू शिपायाचे उमेदवार

होडीच्या दोरखंडात पाय सापडून गणू लंगडा झाला आणि समुद्र सोडून ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला. गाव वरोरच्या वाटेवरचे, किनाऱ्याला लागून. पंचायतीचा झाडू, कुलूप, रस्त्यावरचे तीन कंदील आणि घरपट्टीची वसुली, सगळे त्याच्याच गळ्यात. पगारही त्याच घरपट्टीतून. पट्टी आली तर पगार, नाही तर वाट बघत बसायचे.

चौसष्ट सालची निवडणूक जवळ आली आणि वाट बघणे वाढले. जो तो उमेदवार चावडीपुढे उभा राहून सांगे, "एक पैसा पट्टी वाढवणार नाही." झाले. लोकांनी आहे ती पट्टीही द्यायची थांबवली. चार महिने गणूच्या हाती पगार नाही.

तो चंदर तांडेलाकडे गेला. चंदर दोन होड्यांचा मालक, पण तीन वर्षांची पट्टी थकलेली.

"निवडणूक होऊ दे रे गणू. नवे लोक काय ठरवतात ते बघू, मग देतो."

"दादा, ते वाढवणार नाही म्हणाले. माफ करतो असं कुणीच म्हणालं नाही."

"वाढणार नाही ना? मग तुला घाई कसली?"

गणू घरी येऊन बायकोवर चिडला. शांती बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडताय? मी का निवडणुकीला उभी आहे?"

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाने कचेरीत नियम वाचून दाखवला: पट्टी थकलेल्याला उमेदवारीचा अर्ज भरता येत नाही. गणूने तो नियम दोनदा वाचायला लावला आणि तडक चंदरचे घर गाठले.

"दादा, तुम्ही उभे राहा. सगळा पाडा तुमचंच नाव घेतोय."

"माझं? कोण म्हणतं?"

"कोण म्हणत नाही ते विचारा."

चंदरने सकाळी उठून तीन वर्षांची पट्टी भरली. मग गणूने दम घेतला नाही. जिथे बाकी मोठी, तिथे त्याला पुढारी दिसू लागला. नऊ जागांना सव्वीस अर्ज आले आणि गणूला चारही महिन्यांचा पगार मिळाला. सव्वीसही जण गावभर एकच सांगत फिरले: पट्टी वाढवणार नाही.

निवडून आले ते बहुतेक गणूनेच उभे केलेले. चंदर सरपंच झाला. पहिल्याच सभेत ठराव: दिल्या शब्दाप्रमाणे पट्टी वाढणार नाही. मात्र रॉकेल महागले आहे, तेव्हा खर्च भागवायला शिपायाचे काम अर्ध्या दिवसाचे आणि पगारही अर्धा.

"दादा, तुम्हाला उभं मी केलं," गणू म्हणाला.

"म्हणून तर ठेवला तुला. बाकीचे काढाच म्हणत होते."

तेव्हापासून गणू सकाळी वसुलीला जाई आणि दुपारी शांतीबरोबर बोंबील वाळत घाली. सकाळी कुठल्याही दारात उत्तर एकच, "दुपारी कचेरीत आणून देतो." आणि लोक दुपारी खरेच येत, कुलूप बघत, घरी जात. दुसऱ्या दिवशी उलट त्यालाच झापत, "आम्ही आलो होतो. तूच जागेवर नव्हतास."