पायाले विचारा

फरशीचे मिस्त्री दुकानात शिरले की आधी चपला काढत. मग पसंत पडलेली फरशी जमिनीवर आडवी ठेवायला लावत, तिच्यावर अनवाणी उभे राहत आणि डोळे मिटत. "डोळ्याले काय विचारता जी, पायाले विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

धरमपेठेतल्या एका चकचकीत दुकानात सगळे नमुने भिंतीला लावलेले होते. मिस्त्रींनी सेल्समनला विचारलं, "भितीवर कोन चालते बाप्पा?" तो बिचारा एकेक उतरवत राहिला आणि हे एकेकीवर चढत राहिले. मी ओळख नसल्यासारखी दूर उभी. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी तिथे असाल तर सांगून टाकते, ते माझ्याच सोबत होते.

नागपूरजवळ बेशाला आमच्या घरी आम्ही आईसाठी काचेची खोली बांधत होतो. थंडीत तिला उन्हात बसायला आवडतं. कॅनडातल्या भावाने फरशीखाली घालायची तापणारी वायर पाठवली होती. नागपुरात फरशी तापवायला वायर, हे ऐकून मिस्त्री पोट धरून हसले. "मे मयन्यात फुकट भेटते जी." पण डिसेंबरच्या सकाळी इथली लादी कशी झोंबते, तेही त्यांना ठाऊक होतं.

माझं मन काळ्या ग्रॅनाइटवर बसलेलं. मिस्त्रींनी चार नमुने अंगणात उन्हात मांडले, तासभर थांबले आणि आईला म्हणाले, "माय, एकेकावर पाय ठेवून पाहा." आधी मी काळ्यावर पाय टेकवला आणि उडालेच. आई मात्र त्याच्यावर निवांत उभी राहिली. "चांगला तं आहे," म्हणाली.

मिस्त्रींनी तिला दंडाला धरून पटकन खाली उतरवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मायच्या पायाले काही समजून नाही राहिलं. शुगर हाये का?"

शुगर कित्येक वर्षांची. गोळ्या मीच देत होते आणि एवढं मला कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शुगरमुळे पायांना गरम-थंड कळेनासं झालं होतं. काळा ग्रॅनाइट बाद झाला. उन्हात सगळ्यात कमी तापलेली पांढुरकी, खरबरीत टाइल आली. वायरचं बटण मिस्त्रींनी अगदी खालच्या आकड्यावर ठेवून त्यावर चिकटपट्टी मारली. मग आईचा तळहात धरून फरशीवर टेकवला.

"माय, पायावर भरोसा नोका ठेवू आता. हाताले विचारा. पयले हात, मंग पाय."

"या वयात मले वाकाले लावता काहून गा?"

"मी तं जिंदगीभर वाकूनच राहिलो, माय."

दोघंही हसत सुटली. त्या दिवसापासून आई रोज दारात थांबून आधी हात लावते.

या थंडीत मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला, ते गेले. मी आईला सांगितलं तेव्हा ती काचेच्या खोलीच्या दारातच होती. रोजच्यासारखी वाकली, तळहात फरशीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पाय आत टाकला.