आपा आणि नोटिशीचा अर्थ

आपा कायदा ओरडून वाचत. धामणकर नाक्याजवळ त्यांचं ऑफिस होतं आणि खाली दिवसभर कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत. त्या खडखडाटावर आवाज चढवायची त्यांना इतकी सवय झाली होती, की कोर्टातही त्या तशाच बोलत. एकदा न्यायाधीश हसून म्हणाले, "मॅडम, इथे लूम नाहीत." आपा म्हणाल्या, "माफ करा साहेब, पण माझा पक्षकार तिथूनच आलाय."

भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या त्या पहिल्या वकीलबाई. मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले. कुठलंही कलम निघालं की त्या मला विचारत, "हे कोणाला वाचवायला लिहिलंय, बेटा? आधी तो माणूस शोध, मग शब्दाचा अर्थ लाव." संविधानाबद्दलही तेच. "जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे, एवढं ज्याला कळतं तो जज."

असंच त्यांनी एका कामगाराचं प्रकरण जिंकलं. शिफ्ट सुरू होण्याआधी कपडे बदलताना कारखान्याची भिंत पडून त्याचा पाय गेला होता. मालकाचा वकील म्हणाला, कायद्यात 'काम करताना' असं लिहिलंय, हा तर अजून लूमवर गेलाच नव्हता. आपा म्हणाल्या, "साहेब, शब्दाला चिकटून बसू नका, हेतू पाहा." न्यायाधीशांनी हेतू पाहिला. त्या दिवशी आपांनी बाररूममधल्या सगळ्या वकिलांना चहा पाजला.

मग राहनाळ गावची सोनूबाई आली. गोदामाच्या रस्त्यासाठी तिचं घर पाडायचं ठरलं होतं. आधी लेखी नोटीस द्यावी, असं नियमात स्पष्ट होतं. ती नोटीस आलीच नव्हती. रिक्षावरून भोंगा फिरला होता, तेवढाच.

"कागद आलाच न्हाय बाय, मंग घर कसा काय तोरणार?"

"नाही तोडू शकत," आपा म्हणाल्या. इतकं सोपं प्रकरण त्यांना कधी मिळालंच नव्हतं.

कोर्टात समोरच्या बाजूचा तरुण वकील उठला. "नोटिशीचा हेतू काय? माणसाला कळावं. भोंगा गावानं ऐकला. या बाईंनाही कळलं, म्हणून तर त्या इथे आल्या. शब्दाला चिकटून बसू नये, हे मी याच कोर्टात मॅडमकडून शिकलोय."

"साहेब, लेखी म्हणजे लेखी," आपा म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग मागच्या वेळी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तेव्हा शब्द माणसासाठी ताणला होता. आता माणसाविरुद्ध ताणला जातोय."

"असा फरक करावा, हे कुठे लिहिलंय?"

"संविधानात."

"कुठल्या शब्दांत, मॅडम?"

ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. पाडकामाला स्थगिती मिळाली नाही. दुसऱ्या सकाळी घर पडलं.

आपांनी अपील केलं. वरच्या कोर्टाचा निकाल यायला फार काळ गेला. लेखी नोटीस हवीच होती, असं त्यात म्हटलं होतं. मात्र घर उरलेलं नाही, रस्ता वापरात आहे, अर्जदार हयात नाही, तेव्हा कोणताही आदेश देण्याचं कारण नाही. सोनूबाई शेलार गावात लेकीच्या भाड्याच्या खोलीत वारली होती. आपांनी निकाल मनातल्या मनात वाचला. "अर्थ बरोबर लावलाय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या कोर्टात गेल्या नाहीत.

मी न्यायाधीशाची परीक्षा पास झाले, तेव्हा त्यांना भेटायला गेले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. "मुबारक," म्हणाल्या. मी विचारलं, "आपा, मी कसं वाचू? शब्द की हेतू?"

"मला माहीत आहे असं वाटायचं, बेटा. आता नाही वाटत." मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते. कलमातल्या एका शब्दावरून वाद चालला होता. दोन्ही वकिलांचं बोलून झालं आणि ते माझ्याकडे बघत थांबले. मी ज्यांना विचारावं, असं आता कुणीच नव्हतं.