नळीतला छर्रा

माझं गॅरेज वाळूजच्या रस्त्यावर आहे. कंपन्यांच्या शिफ्टची माणसं नेणाऱ्या गाड्या माझ्याकडं येतात. अशी गाडी वाटेत रखडली की काम दुसऱ्याच्या गाडीला जातं, त्यामुळं त्या दिवशी गाडीवाल्याचा पारा का चढला होता ते मला कळत होतं. धूर गाळणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला म्हणून मी त्याला दाबाचा नवा सेन्सर घालून दिला होता, आणि दिवा पुन्हा लागला होता.

"दादा, तुमचे उस्ताद म्हणले, पोरानं जुनाच सेन्सर पुसून घातला आसंल. सांगू का स्टँडवर सगळ्यायला?"

उस्ताद असं म्हणतील? ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं ते? चेष्टा केली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कामाला लागलो.

बिघाड शोधणारा स्कॅनर पुन्हा सेन्सरकडंच बोट दाखवत होता. मी तो बाजूला ठेवला. सेन्सरला दोन रबरी नळ्या असतात. एक फिल्टरच्या अलीकडचा दाब आणते, दुसरी पलीकडचा. दोन्हींतल्या फरकावरून फिल्टर किती तुंबलाय ते गाडीला कळतं. एक नळी काढून फुंकली, हवा आरपार गेली. दुसरी फुंकताना माझे गाल फुगले, हवा काही जाईना. काजळी असेल म्हणून तार घातली, तर आत टक्क वाजलं. नळी पिळली आणि हातावर बेअरिंगचा छर्रा पडला, बारीक पोलादी गोळी.

"दिवा लागायच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता?"

"उस्तादानंच. तुमचं गॅरेज बंद व्हतं, मंग ब्रेकचं काम तिकडं केलं."

शिकणाऱ्या पोरांची परीक्षा उस्ताद अशीच घ्यायचे. डिझेलच्या नळीत छर्रा लपवून खुशाल चहा पीत बसायचे. ज्याला तो सापडेल, त्यालाच एकट्यानं इंजिन उघडायला मिळायचं. ही रीत मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही.

गाडीवाल्याला मी सगळं खरं सांगितलं. छर्रा निघाल्यावर दिवाही विझला होता. तो म्हणाला, "तुमच्या गुरू-चेल्याच्या भांडणात माझी गाडी कशाला?" आणि गेला तो गेलाच.

मी तडक जुन्या शहरात उस्तादांकडं गेलो. छर्रा त्यांच्या पुढ्यात आदळला. तोंडात शिव्या तयार होत्या. त्यांनी छर्रा उचलला, बोटांत फिरवला, नाकारलं काहीच नाही.

"स्कॅनरनं सापडला का रे?"

"नाय. नळी फुंकली."

"आधी कोणची?"

आणि मी सांगत बसलो. हात मागं बांधून, जसा पूर्वी उभा राहायचो तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उस्ताद मान डोलावत ऐकत होते.

"शाब्बास," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी मला एकदाही दिला नव्हता. माझं गिऱ्हाईक तोडून, माझ्या नावाला काळं फासून दिला. आणि मी नालायक, तो ऐकून सुखावलो.