जन्मदिवसाचा पेपर

आमच्या आळीत कुणाकडे मूल झालं की सोवनीकाका त्या तारखेचा पेपर बाजूला काढून ठेवत. मुलगा असला तर त्याच्या मुंजीत, मुलगी असली तर तिच्या लग्नात, पिवळ्या फडक्यात बांधून तो पेपर आहेर म्हणून देत. वाटी-चमचा नाही की कापड नाही. पहिल्यांदा लोक हसले. मग सवय झाली, आणि पुढे तर मुंजीच्या घरातली मंडळी स्वतःच विचारू लागली, "काका, आमच्या पोराचा अंक आहे ना नीट?"

हरिहर सोवनी कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. दिवसभर पोती आणि पेट्या बघून आलेला माणूस संध्याकाळी चहा घेऊन पुन्हा एका पत्र्याच्या ट्रंकेपुढे बसायचा. अंकांच्या घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला असे. दसऱ्यानंतर चांगली उन्हं पडली की सगळे अंक अंगणात बाजेवर पसरायचे आणि कुणाची गाय येऊन खाऊ नये म्हणून काका शेजारी स्टुलावर बसायचे.

"लोकांच्या अंगणात पापड वाळतात," प्रमोदिनीकाकू आम्हा बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमच्याकडे बातम्या."

"ऊन दाखवलं नाही तर कसर लागते."

"लागू दे की. तिचं तरी पोट भरेल."

काका हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. त्यांचं हे सगळं कुठून सुरू झालं ते काकूंनीच मला एकदा निवडण-टिपण करताना सांगितलं होतं. त्यांना एकच मुलगी झाली, सरोज. दोन वर्षांची होऊन तापात गेली. तिचा फोटो नव्हता, काहीच नव्हतं. पुढे कधीतरी वाण्याकडून हळदीची पुडी आली, तिचा कागद सरोजच्या जन्मतारखेचा निघाला. काकांनी तो पाटाखाली दाबून सरळ केला आणि जपून ठेवला. तेव्हापासून रद्दीत पेपर घालण्यापूर्वी काका आळीत कुणाकडे मूल झालं का, अशी काकूंकडे चौकशी करायचे.

त्यांच्या आहेरात एक गोष्ट मात्र ठरलेली होती. भिक्षावळीच्या वेळी बटू झोळी घेऊन उभा राहिला की काका फडकं सोडायचे, चष्मा पुसायचे आणि भर मांडवात त्या दिवशीच्या बातम्या मोठ्यानं वाचायचे. जेवून सुस्तावलेली माणसंही सरसावून बसायची.

या वाचनाचीच मला सात वर्षं धास्ती होती.

माझा आनंद जन्मला तो गांधीजींच्या खुनाच्या रात्री. बातमी संध्याकाळी आली तेव्हा मी कळा देत होते, आणि पहाटे, अजून अंधार असताना तो झाला. मला कुणी काही सांगितलं नाही. खिडक्या का लावल्यात, हे कामावर का गेले नाहीत, सासूबाई दबक्या आवाजात का बोलतात, मला कळत नव्हतं. मारणारा ब्राह्मण होता म्हणून गावोगाव ब्राह्मणांची घरं जळाली. आमच्या आळीला धक्का लागला नाही, पण भीती घरात शिरली ती गेली नाही. शाळेत नाव घालताना ह्यांनी आनंदची जन्मतारीख पाच फेब्रुवारी लावली. कॉलेजात मी इतिहास शिकले होते. पण आपल्या पोराच्या अंगाला इतिहास चिकटू नये असं वाटायला लागलं की शिक्षण कामाला येत नाही.

पंचावन्न सालच्या वैशाखात मुंज ठरली. पापड, पाहुणे, आचारी, उसनी भांडी, यात मी अर्धी झाले होते. त्यातही मनात एकच. तो काळ्या चौकटीचा अंक आमच्या मांडवात वाचला जाणार. शहाडच्या कारखान्यातले ह्यांचे साहेब येणार, सगळ्या जातीची माणसं येणार. पोराच्या झोळीत ती बातमी पडणार आणि जन्मभर लोक म्हणणार, हाच तो.

शेवटी मी काकांकडे गेले. "काका, आनंदचा पेपर मांडवात न वाचता नुसता दिलात तर चालणार नाही का?"

"का गं? पेपराला दृष्ट लागते का?"

"तसं नाही. पण त्या दिवशीच्या बातम्या..."

"त्या पेपरात भिण्यासारखं काही नाही. मी कालच उघडून पाहिला."

काकू आतून म्हणाल्या, "वाचू दे गं बाई त्यांना. घरात मी ऐकत नाही."

मी तशीच परतले. या माणसाला काहीच कसं वाटत नाही, म्हणून रागही आला. रडण्याइतकीसुद्धा ताकद नव्हती.

मुंजीच्या दिवशी भिक्षावळीला काका उठले. मी खांबाला धरून उभी. त्यांनी घडी उघडली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. कुठल्याशा नगरपालिकेची सभा गोंधळात संपली. रेशनच्या दुकानात साखर आली नाही. दादरला एका गृहस्थांची मुठीला चांदी लावलेली छत्री हरवली, आणून देणाऱ्यास बक्षीस. "आनंदा, शोध रे ती छत्री!" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. मला काही कळेना. जवळ जाऊन तारीख पाहिली. शुक्रवारचा अंक. सकाळी निघालेला, जेव्हा अजून काहीच घडलं नव्हतं.

झालं होतं असं की आमच्याकडे सूर्य उगवल्याखेरीज वार बदलत नाही. आनंद पहाटेचा, म्हणून सासूबाईंच्या लेखी शुक्रवारचाच, पत्रिकेतही तसाच मांडलेला. बाळंतिणीच्या घरी पुरुष चौकशी करत नाहीत. काकू बाळाला पाहून गेल्या त्या 'शुक्रवार' एवढंच घरी घेऊन गेल्या. छापखान्याचा वार मध्यरात्री बदलतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी त्या रात्री कितीतरी वर्षांनी गाढ झोपले. पण पाहुणे पांगल्यावर सासूबाई काकांना म्हणाल्या होत्या, "कोंबडं आरवायच्या आधी झाला हो माझा नातू." दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. हातात दुसरं फडकं.

"चुकलं माझं. त्याचा दिवस शनिवारचा. हा घे, आणि तो शुक्रवारचा परत दे."

"काका, पत्रिकेत शुक्रवारच आहे. राहू द्या ना तोच."

"पत्रिका गुरुजींची. पेपर माझा." ते ओटीवरच्या बाकावर टेकले. एकाएकी फार म्हातारे दिसले. "हा अंक लोकांनी माझ्याकडे कितीदा मागितला. ठेव म्हणून हवा असतो. मी दिला नाही. पण माझ्याकडेही तो कुणाच्या नावाचा नव्हता. आणि याच्या नावाचा होता तर मी याला छत्री वाचून दाखवली. तुला नको असेल तर तसं सांग, मी घेऊन जातो. पण मग शुक्रवारचाही देऊ नये मी. खोटा आहेर होतो तो."

शुक्रवारचा अंक आनंदच्या मांडीवर होता. तो गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवत छत्रीची जाहिरात पुन्हा वाचत होता. नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. काका वाद घालणार नव्हते, दमले होते. मीही दमले होते. दर जानेवारीत तारीख लपवायची, कुणी विचारलं की विषय बदलायचा. आणखी किती वर्षं?

"आनंद," मी म्हटलं, "तो पेपर सोवनीआजोबांना दे. तुझा हा आहे."

फडकं मीच सोडलं. तो अंक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. "वाचा काका," मी म्हटलं, "पण मांडवातल्यासारखं मोठ्यानं नको."

काकांनी हळू आवाजात वाचलं. सासूबाई आतून येऊन उंबऱ्यापाशी बसल्या. वाचून झाल्यावर आनंदनं मला विचारलं, "आई, म्हणजे मी झालो तेव्हा सगळे रडत होते?"

"हो रे."

"आणि तू?"

"मी झोपले होते," मी म्हटलं. "फार दमले होते."