आधी शिवलेलं दुपटं

अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या गल्लीत मूल जन्मलं की सुंदरम्माकडे निरोप जायचा. निरोपाबरोबर घरातल्या बायकांची धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी जायची आणि बारशाच्या आत दुपटं तयार असायचं. ती मोठ्या वाकळाही शिवायची, पण नाव झालं ते दुपट्यांमुळे. टाका मोहरीएवढा, ओळ सरळ, आणि बाळाला रुतेल अशी एक गाठ कुठं सापडायची नाही.

तिचा एक नेम होता. मूल रडल्याचं कानावर आल्याशिवाय ती सुईत दोरा ओवत नसे. आधी शिवलेलं दुपटं बाळाला लाभत नाही, असं तिची आई सांगायची. कुणी पोटुशी बाई लुगडं घेऊन आलीच, तर सुंदरम्मा तिला दारातूनच परत पाठवी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणून वर हसे. बाई हिरमुसून जायची, पण मनातून तिलाही ते पटलेलंच असायचं.

पुढं सुंदरम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशनाचं नाव काढलं की ती उठून आत जाई, कारण तिच्या मावशीचा डोळा ऑपरेशनातच गेला होता. बारीक टाका दिसेना, म्हणून तिनं शेजारच्या मागावरचं उरलंसुरलं चादरीचं सूत आणलं, लाल आणि हिरवं, आणि जाड सुईनं बोटाच्या पेराएवढाले टाके घालू लागली. त्याच टाक्यांची फुलं झाली, पोपट झाले. बायकांना ती नवी फॅशन वाटली. वाटू दे की, म्हणाली.

आणि त्याच वर्षी सिद्धेश्वरीला दिवस गेले. ही तिची एकुलती एक लेक, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करणारी. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. सुंदरम्माच्या मनानं घेतलं, की बाळ येईपर्यंत आपल्याला दिसायचंच बंद होईल. अख्ख्या गल्लीच्या पोरांना आपण पांघरूण घातलं आणि आपलंच नातवंड दुपट्यावाचून राहणार. आयुष्यभर पाळलेला नेम या भीतीनं मोडला. दार लावून तिनं स्वतःच्या लग्नातलं इरकल लुगडं कापलं, त्यावर लाल फुलं आणि हिरवे पोपट भरले आणि दुपटं ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात सिद्धेश्वरीचं बीपी चढलं. दवाखान्यात नेईपर्यंत पोटातली हालचाल थांबली होती. मुलगी होती.

पुरायला न्यायची तर बाळाला गुंडाळायला घरचं स्वच्छ कापड द्या, असं नर्स म्हणाली. कापड कुणाकडेच नव्हतं. जन्माआधी काही आणायचं नाही, म्हणून सासरच्यांनी साधं टोपडंसुद्धा घेतलेलं नव्हतं. जावई शिवकुमार मागावरून तसाच धावत आला होता. तो खांद्यावरचा तेलकट टॉवेल काढू लागला.

सुंदरम्मा बाकावर बसून होती. तोंड उघडलं नसतं तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. आणि गप्प बसली असती तरी तिला कोण नावं ठेवणार होतं? पण ते इवलंसं लेकरू तेलकट टॉवेलात मातीत जायचं, हे तिच्यानं बघवेना. ती उठली, रिक्षानं घरी गेली आणि दुपटं घेऊन आली.

विहीणबाईंनी ते उलटंपालटं केलं. सूत कोरं होतं, एकदाही पाण्यात गेलेलं नव्हतं.

"कवा शिवलंय हे?"

"सातव्यात," सुंदरम्मा म्हणाली.

विहीणबाईंनी दुपटं शिवकुमारच्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं. न्यायच्या आधी बाळ सिद्धेश्वरीला दाखवलं. तिनं त्या मोठाल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि आईकडे पाहिलं. ती ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. तिनं दुपटं बाळाच्या हनुवटीपर्यंत नीट ओढून घेतलं.

बीपीमुळं झालं, कुणाचाच दोष नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. पण गल्लीला डॉक्टरांपेक्षा दुपटं कळायला सोपं. सुंदरम्माकडे नंतरही वाकळा येत राहिल्या, पण बाळाच्या दुपट्यासाठी लुगडं पुन्हा कुणी आणलं नाही.

दिवाळीनंतर ती आपणहून ऑपरेशनाला गेली. आता डोळा गेला तर जाऊ दे, असं तिला झालं होतं. डोळा गेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक आकडे दिसायला लागले. म्हणजे घाई न करता तेव्हाच ऑपरेशन केलं असतं, तर बाळ झाल्यावर शिवायला हीच नजर मिळाली असती. हे कळल्यापासून तिला अन्न गोड लागेना.

थेंब घालायला सिद्धेश्वरी आली होती. चहा करायची, भाकरी टाकायची, आईचं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायची. कर्तव्यात कुठं कमी नव्हती. बोलणं तेवढं कामापुरतं. एका दुपारी थेंब घालता घालता तिनं विचारलं,

"अव्वा, जरा थांबता आलं नसतं व्हय?"

दिसायचं बंद होईल म्हणून घाई केली, हे सुंदरम्माच्या ओठावर आलं. पण आता लेकीचा चेहरा लख्ख दिसत होता. त्या चेहऱ्यापुढं असलं कारण सांगायची तिला लाज वाटली.

"आलं असतं," ती म्हणाली.

सिद्धेश्वरीनं बाटलीला टोपण लावलं, आईचं डोकं मांडीवरून उचलून उशीवर ठेवलं आणि भाकऱ्या करायला उठली.